जेवणाच्या टेबलावर स्पिटफायर

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला होतो, मे महिन्यात पत्त्यांचे डाव रंगतात, आणि पावसाळ्यात सुट्टी पडली की मुलं आपल्या डोक्यावर बसतात. अशा वेळी कुणीतरी मामा नाहीतर आत्या एक चपटा खोका आणून देते. खोक्यावर ढगांतून झेपावणाऱ्या लढाऊ विमानाचं झकास रंगीत चित्र असतं. मूल हरखून तो उघडतं आणि आत निघतं काय, तर करड्या प्लॅस्टिकच्या दोन-तीन जाळ्या आणि एक घडी घातलेला कागद! विमान कुठाय? विमान आपल्यालाच करायचंय. तासाभरात चार तुकडे मोडतात, बोटं एकमेकांना चिकटतात आणि खोका माळ्यावर जातो. हे पुष्कळ घरांतून घडलेलं आहे.

तो खोका पुन्हा खाली काढावा, आणि मुलांवर सोपवून आपण आत न जाता स्वतःच पदर खोचून बसावं, असं मला सुचवायचं आहे. लढाऊ विमानाचं मॉडेल हा पुरुषांचा आणि पोरांचा प्रांत, असं आपण उगीचच धरून चाललो आहोत. त्यात लागतं तरी काय? नेमकं कापणं, दोन कडा बरोबर जुळवणं, रंगाचा पातळ हात, आणि पहिला थर वाळेपर्यंत थांबायची सवय. जिनं ब्लाऊजला बाही लावली आहे, दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे आणि पापड दोन उन्हं दाखवल्याशिवाय डब्यात भरलेले नाहीत, तिला यातलं काही नवं नाही. शिवाय ज्या खऱ्या विमानाची ही प्रतिकृती, त्याला बायकांचे हात कुठे कुठे लागले होते तेही ओघानं सांगणार आहे.

पहिल्या खेपेला स्पिटफायरच घ्या. दुसऱ्या महायुद्धातलं हे ब्रिटिश लढाऊ विमान. रेजिनाल्ड मिचेल या इंजिनिअरनं ते रेखलं आणि ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळ ते पहिल्यांदा उडालं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, मिचेल कर्करोगानं गेले. आपल्या विमानानं पुढे काय केलं ते त्यांनी पाहिलंच नाही. पुढे ही विमानं वीस हजारांहून अधिक बनली. मॉडेल करणाऱ्यांचं तर ते पहिल्यापासून लाडकं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीनं स्पिटफायरचा आपला पहिला संच १९५३ साली काढला. गंमत अशी की हीच कंपनी त्याआधी केसांच्या फण्या काढायची! वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरायचं यंत्र तिनं फण्यांसाठीच आणलं होतं. फणी आणि विमान एका रीतीनं निघतात, म्हणून तर विमानाचे तुकडे त्या जाळीला फणीच्या दातांसारखे लटकलेले असतात.

खोक्यावर १/७२ असा आकडा दिसेल. म्हणजे मॉडेलची एक फूटपट्टी खऱ्या विमानावर ७२ वेळा ठेवावी लागेल. दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचं तर सहा फुटी माणूस इथे एका इंचाचा होतो. खऱ्या स्पिटफायरचा पंखांचा पसारा सुमारे ३७ फूट, तो आपल्या टेबलावर सहा इंचांहून किंचित जास्त भरतो, आणि लांबी पाच इंच. तळहातावर मावणारी वस्तू. १/४८ आणि १/३२ ही मापं मोठी, दिसायलाही देखणी, पण पहिल्या वेळी ७२ चंच बरं. तुकडे चाळीसच्या आतबाहेर असतात आणि खर्च बेताचा. खेळण्यांच्या मोठ्या दुकानातून किंवा घरपोच मागवून तो मिळतो. विकत घेताना खोक्यावर ‘रंग व सिमेंटसहित’ असं आहे का ते बघून घ्या. नसेल तर ते वेगळं आणावं लागतं, आणि मग उत्साह दुकानाच्या दारातच मावळतो.

बाकीचं सामान बहुतेक घरातच सापडेल. चांगल्या धारेचा नेलकटर, नखं घासायची पट्टी, सुतारकामाचा अगदी बारीक पॉलिशपेपर, भुवया कोरायचा चिमटा, दात कोरायच्या काड्या, कपड्यांचे लाकडी चिमटे, रबरबँड, चिकटपट्टी आणि रंग कालवायला जुनी बशी. विकत आणायचे ते शून्य आणि दोन नंबरचे दोन ब्रश. ब्रश मात्र चांगले घ्या. स्वस्त ब्रशाचे केस ओल्या रंगात गळतात आणि मग ते काढताना जो राग येतो तो सगळ्या घरावर निघतो.

दोन गोष्टींबाबत मी फार कडक आहे. या कामाचं सिमेंट आपल्या डिंकासारखं नसतं. ते प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, आणि त्याच्या वाफा डोक्यात जातात. खिडकी उघडी हवी, गॅस आणि देवाजवळची निरांजनं लांब हवीत, आणि बाटली वापरून झाली की लगेच झाकण. दुसरं, पातं. पातं मोठ्या माणसाच्या हाती असावं आणि कापण्याची दिशा नेहमी आपल्यापासून दूर. घरात रांगतं मूल असेल तर एक ट्रे करा, त्यात सगळं मांडा, आणि उठताना ट्रे कपाटावर. एवढाले चिमुकले तुकडे तोंडात जायला कितीसा वेळ लागतो!

आता सुरुवात. जाळ्या कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशनं धुवा आणि वाळू द्या. साच्यातून सुटावं म्हणून प्लॅस्टिकला तेलकट द्रव्य लागलेलं असतं. ते राहिलं तर रंग धरत नाही, जसा तेलकट तव्यावर धिरड्याचा पहिला घावन धरत नाही. तुकडे हातानं पिरगाळून कधीही तोडायचे नाहीत. नेलकटरनं जरा दूर कापावं आणि उरलेलं बोंड पट्टीनं घासावं. सगळे तुकडे एकदम सुटे करू नयेत. जाळीवरच त्यांचे नंबर छापलेले असतात, सुटे केले की ओळख गेली. आणि कागदावरची चित्रं आधी शेवटपर्यंत बघून घ्यावीत, जशी आपण नव्या पाककृतीत वाटण आधी करायचं की फोडणी, हे बघून घेतो.

पहिलं काम असतं आतलं, म्हणजे वैमानिकाची बैठक. धडाचे दोन अर्धे भाग बंद केले की हे सगळं आत जातं, तेव्हा ते आधी रंगवायचं: हिरवट करडा. घड्याळांच्या तबकड्या काळ्या करून वर कोरड्या ब्रशानं पांढऱ्याचा नुसता भास द्यायचा. या जागी मात्र मुलांना जरा थांबवा आणि एक गोष्ट दाखवा. वैमानिकाच्या पायांच्या पुढे आणि इंजिनाच्या मागे जी जागा दिसते तिथे पेट्रोलच्या टाक्या होत्या. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये एकावर एक दोन, मिळून ८५ गॅलनच्या. गोळी लागून टाकी पेटली की ज्वाळा सरळ अंगावर. अशा भाजलेल्या पोरांसाठी आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यविशारदानं ईस्ट ग्रिन्स्टेड गावच्या इस्पितळात नवे चेहरे घडवण्याचं काम केलं. त्याच्या रुग्णांनी १९४१ साली आपला ‘गिनी पिग क्लब’ काढला. प्रयोगाचे उंदीर व्हावेत तसे आपण, ही त्यांची स्वतःवरचीच थट्टा. त्या क्लबाचे सहाशेहून अधिक सभासद झाले.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुष्कळ घरांतून आजी विचारते, ‘‘अरे, माणसं मारायचं विमान घरात कशाला?’’ प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. १९४० च्या उन्हाळ्यात आणि शरदात इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली तिच्यात ब्रिटनच्या बाजूचे ५४४ वैमानिक आणि विमानसैनिक गेले. बहुतेक सगळे विशीतले. पलीकडच्या जर्मन विमानांतूनही कुणाचीतरी पोरंच होती. माझं मत असं की टिकल्यांच्या बंदुकीपेक्षा हे मॉडेल बरं. बंदूक हातात आली की मूल पहिली नेमबाजी आपल्यावरच करतं. मॉडेलला मात्र आठ-दहा बैठका लागतात, आणि तेवढ्या वेळात माणूस नेमका कुठे बसायचा, आग कुठून यायची, हे हातानं कळतं. आजीलाही बोलावून दाखवावं. पुढचा प्रश्न ती नातवाला विचारील, आणि तो आपण कधीही विचारला नसता असा असेल.

पुन्हा कामाकडे. धडाचे दोन भाग जुळवताना आधी कोरडेच लावून बघा, शिवण घालण्याआधी आपण टाचण्या लावून बघतो तसे. कुठे अडतंय तिथे घासा. मग ते हातात मिटून धरा आणि फटीवर ब्रशानं सिमेंटचा नुसता स्पर्श करा. ते आपोआप आत ओढलं जातं. रबरबँड लावून रात्रभर ठेवा. जोडावर भेग राहिली तर पुट्टी भरून दुसऱ्या दिवशी ओल्या पॉलिशपेपरनं गुळगुळीत करा. पंख लावल्यावर विमान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरा. दोन्ही पंख मुळापासून टोकाकडे सारखेच वर चढलेले दिसले पाहिजेत. सिमेंट ओलं आहे तोवरच हे दुरुस्त होतं. त्यासाठी दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या काडेपेट्या सारून ठेवाव्यात.

पोटाखाली बघून मात्र गोंधळू नका. १९४० च्या स्पिटफायरच्या उजव्या पंखाखाली पाणी थंड करणारा मोठा चौकोनी खोका आहे आणि डाव्याखाली तेलासाठी लहान, लांबट नळकांडं. दोन बाह्या दोन मापांच्या! कंपनीनं चूक केली असं वाटून तुकडा बदलून मागणारे लोक असतात. पुढच्या काळातल्या नऊ नंबरच्या स्पिटफायरला दोन्हीकडे सारखे दिसणारे खोके आले.

वाळायला ठेवलेल्या विमानाकडे बघत बसण्यापेक्षा, ज्या बायकांची गोष्ट मी सांगणार म्हटलं होतं ती आता सांगते.

स्पिटफायरचा मूळ कारखाना साउदॅम्प्टन शहरात नदीकाठी होता. सप्टेंबर १९४० मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं जर्मन विमानांनी त्याच्यावर बाँब टाकले. कारखाना निकामी झाला, माणसं मेली. मग ठरलं की पुन्हा एकाच छपराखाली सगळं ठेवायचं नाही. साउदॅम्प्टन, सॉल्झबरी, ट्रोब्रिज, रेडिंग अशा गावांतून मोटारींची गॅरेजं, बसचे डेपो, एक धुलाईघरसुद्धा सरकारनं ताब्यात घेतलं. जिथे कालपर्यंत लोकांच्या चादरी धुतल्या जात होत्या तिथे विमानाचं काम सुरू झालं. कुठे नुसते पंख, कुठे धड, कुठे शेपूट. मग ते भाग ट्रकवर चढवून मोकळ्या माळावरच्या धावपट्टीपाशी न्यायचे आणि तिथे जोडायचे. आपण टेबलावर करतो तेच, ७२ पट मोठं.

पुरुष सैन्यात गेलेले, तेव्हा ही कामं करायला आल्या दुकानातल्या मुली, घरकाम करणाऱ्या, लेकुरवाळ्या. रिव्हेट ठोकायला दोघी लागत. एक बाहेरून हातोडा चालवणारी, दुसरी आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरणारी. अडचणीच्या जागी शिरायला लहान चणीची बाई बरी पडे. विमानाचं अंग धातूचं असलं तरी शेपटीवरचे हलते भाग लिननच्या कापडानं मढवलेले होते. कापड ताणायचं, शिवायचं, वरून कडक वासाचा लाखेसारखा द्रव फासायचा. हे शिवणकामच. सगळं गुपचूप चाले. सॉल्झबरीच्या या कामगारांचं स्मारक उभं राहायला २०२१ साल उजाडावं लागलं.

पगाराचं काय? तो अर्थातच कमी! या विमानाचं मर्लिन इंजिन बनवणारा एक कारखाना स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ हिलिंग्टनला होता. तिथे त्याच यंत्रावर तेच काम करणाऱ्या पुरुषापेक्षा बाईच्या हातावर कमी पैसे पडत. १९४३ च्या शेवटी, ऐन युद्धात, तिथल्या हजारो बायकांनी काम थांबवलं. देशद्रोही म्हणून त्यांना बोल लागले. पण तडजोड झाली ती अशी की दर यंत्रावर आणि कामावर ठरावा, यंत्रापाशी कोण उभं आहे यावर नव्हे. हे वाचल्यापासून मला स्पिटफायरच्या नाकाकडे नुसतं नाक म्हणून बघता येत नाही.

आणि त्या नाकात एक अंगुस्तानसुद्धा आहे! विमान एकदम खाली सूर मारायला गेलं की मर्लिन इंजिन पेट्रोलच्या लोंढ्यानं गुदमरून बंद पडायचं. जर्मन इंजिनांना हा त्रास नव्हता, आणि शत्रू याच युक्तीनं निसटायचा. फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाई होत्या. मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारून त्यांनी १९३४ साली सुवर्णतारा मिळवलेला. त्यांनी १९४१ मध्ये काय केलं, तर पितळेची अंगुस्तानासारखी एक टोपी, तिला मधोमध नेमक्या मापाचं भोक. ती पेट्रोलच्या नळीत बसवायची, म्हणजे इंजिनाला लागतं तेवढंच पेट्रोल जातं. विमानं कारखान्यात परत न आणता तळावरच ती बसवता आली. पुढे तिची साधी चकती झाली. आपल्या मॉडेलात ती दिसत नाही, पण नाकाचा भाग घासताना मुलींना ही गोष्ट जरूर सांगा.

आता रंग. यात सगळी मजा आहे आणि सगळी नासाडीही इथेच होते. पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग घ्या. त्यांना वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो. रंग बशीत घेऊन थेंब थेंब पाणी घाला. सायीसारखा नको, दुधासारखा हवा. पहिला हात दिल्यावर प्लॅस्टिक खालून दिसेल, ठिगळं ठिगळं दिसतील, आणि मूल रडकुंडीला येईल. येऊ द्या. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा, मग हवा तर तिसरा. जाड एक हात दिला तर पत्र्यावरच्या सगळ्या बारीक रेघा बुजतात आणि विमान चॉकलेटचं वाटतं. करड्या प्रायमरचं अस्तर आधी दिलं तर फारच उत्तम.

फिकट रंग आधी, गडद मागून. पोटाकडून सुरुवात करा. १९४० च्या उन्हाळ्यात पोटाचा रंग फिकट हिरवट-निळसर होता. खालून बघणाऱ्याला तो आकाशात मिसळून जावा म्हणून. पाठीवर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा यांचे वळणदार पट्टे, म्हणजे वरून बघणाऱ्याला खालचं शेत वाटावं. आधी सगळी पाठ तपकिरी करा, वाळवा, मग पेन्सिलीनं पट्ट्यांच्या कडा आखून हिरवा भरा. रांगोळीत बाहेरची रेघ आधी ओढून आत रंग भरतो, तसंच. प्रॉपेलरची पाती काळी, टोकं पिवळी.

पंखांच्या पुढच्या कडेवर आठ ठिकाणी लाल ठिगळं येतात. आठ मशीनगनच्या तोंडांवर कापडाचे तुकडे चिकटवत, आत थंडी आणि धूळ जाऊ नये म्हणून. पहिली गोळी सुटली की कापड फाटायचं. विमान परत येताना ठिगळ फाटलेलं दिसलं की जमिनीवरच्या माणसांना न सांगता कळे, हा आज लढून आला आहे. तुमच्या मॉडेलवर ती अखंड ठेवायची की काळी भोकं काढायची, हे तुम्ही ठरवा.

मी अखंड ठेवीन, आणि त्याला कारण आहे. कारखान्यातून विमान निघालं की ते लढाईच्या तळावर पोचवायचं काम एका निमलष्करी संस्थेकडे होतं, एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी. तिच्यात १६८ बायका होत्या. १ जानेवारी १९४० ला पहिल्या आठजणी रुजू झाल्या, पॉलीन गोवर यांच्या हाताखाली. रेडिओ नाही, बंदुका रिकाम्या, नकाशा मांडीवर. जे विमान आयुष्यात पाहिलेलं नाही तेही एका छोट्या टिपणवहीतली पानं चाळून उडवायचं. एमी जॉन्सन, जी त्याआधी इंग्लंडहून एकटी ऑस्ट्रेलियापर्यंत उडत गेली होती, ती याच कामावर असताना जानेवारी १९४१ मध्ये टेम्सच्या मुखाशी बुडाली. मेरी एलिस यांनी शेकडो स्पिटफायर पोचवली आणि त्या २०१८ साली १०१ वर्षांच्या होऊन वारल्या. एकदा त्या भलंमोठं वेलिंग्टन बाँबफेकी विमान एकट्या घेऊन उतरल्या, तर तळावरची माणसं ‘‘वैमानिक कुठाय?’’ म्हणून आत शिरून शोधत बसली! या बायकांना १९४३ पासून पुरुषांइतका पगार मिळू लागला.

तेव्हा संचात जो एक इंचाचा वैमानिक असतो तो बाईही असू शकते. तिच्या कोटाला गडद निळा रंग द्या, आणि मग लाल ठिगळं अखंडच हवीत. जाणकारांसाठी एक बारकावा: अशा नव्याकोऱ्या विमानावर तुकडीची अक्षरं नसायची, ती तळावर पोचल्यावर रंगवत. म्हणजे संचातली मोठी अक्षरं लावायचीच नाहीत, फक्त गोल चिन्हं आणि शेपटीजवळचा क्रमांक.

लढाऊ तुकडीचंच हवं असेल तर आपल्या बाजूची दोन नावं आहेत. १३२ नंबरच्या तुकडीचं नावच ‘सिटी ऑफ बाँबे’ होतं. ती १९४१ पासून स्पिटफायर उडवत होती, अक्षरं एफ-एफ. १५२ नंबरची ‘हैदराबाद’ तुकडी, अक्षरं यू-एम. तिच्या बोधचिन्हात निजामाची पगडी होती. त्या काळी मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. ब्रिटनमध्ये तर पाच हजार पौंड जमवले की एका स्पिटफायरला गावाचं किंवा देणाऱ्याचं नाव मिळे. त्याच १९४० च्या जुलैत तिथल्या गृहिणींना ॲल्युमिनियमची पातेली, तवे विमानासाठी द्या असं आवाहन झालं, आणि त्यांनी ढीग लावले. त्या भांड्यांतलं कितीसं विमानाच्या योग्यतेचं निघालं याबद्दल मागाहून बराच वाद झाला. बायकांचं पातेलं मात्र गेलं ते गेलंच.

चिन्हं लावण्याआधी रंगावर चकचकीत वार्निशचा एक हात द्या. खरबरीत रंगावर चिन्हाखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक दिसते. एकेक चिन्ह कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, कागदावरून आपोआप सरकायला लागलं की विमानावर सरकवा आणि सुती कापडानं पाणी टिपा. उंचवट्यावर बसत नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब लावा, ते मऊ पडतं. वाळल्यावर वरून वार्निशचा मॅट हात. इंजिनाच्या बाजूला धुराचे डाग हवेत? मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड किंवा जुन्या आयशॅडोची तपकिरी वडी, बोटानं मागच्या बाजूला ओढायची. डाग कमीच बरे. पुष्कळजण इथे इतके रंगात येतात की विमान कोळशाच्या वखारीतून आल्यासारखं दिसतं.

काचेचं झाकण सगळ्यात शेवटी. इथे सिमेंट नको आणि फेविक्विकही नको, त्याच्या वाफेनं काच पांढुरकी होते आणि मग काही उपाय चालत नाही. साधं फेविकॉल दात कोरायच्या काडीनं कडेला लावा. ते वाळलं की पारदर्शक होतं, आणि जास्त झालेलं ओल्या कापडानं पुसता येतं.

या सगळ्याला रोज तासभर धरला तरी आठ-दहा दिवस जातात. कष्टाचं म्हणाल तर त्यात फारसं नाही. अडचण असते ती टेबलाची. नवऱ्याच्या फायली महिनाभर पसरलेल्या चालतात, मुलांचे प्रकल्प चालतात, पण आईचा वाळायला ठेवलेला पंख जेवणाच्या वेळी ‘‘हे कुणी ठेवलंय इथे?’’ म्हणून उचलला जातो. ट्रे करायला सांगितला तो काही नुसता रांगत्या मुलासाठी नव्हे. त्या ट्रेवर चिठ्ठी लावा, ‘ओलं आहे. आईचं आहे.’ चिडून काढायची पाळी येण्याआधीच ती लावलेली बरी.

तयार झालेलं विमान काचेच्या कपाटात ठेवावं. दूरदर्शन संचावर ठेवायची सोय आता राहिलेली नाही! उन्हाच्या झोतात ठेवू नका, पांढरी चिन्हं पिवळी पडतात. छताला दोऱ्यानं टांगायचं असेल तर पंख्यापासून लांब टांगा. धूळ फडक्यानं कधीही पुसू नये, चाकांचे पाय आणि शेपटीवरची काडी त्यातच मोडतात. पावडर लावायचा मऊ ब्रश त्यासाठी वेगळा ठेवा, आणि झटकताना विमान पंखांच्या मुळाशी दोन बोटांत धरा. मोलकरणीला हे कपाट पुसायला सांगू नये. मोडलं तर तिला बोल लागतो, आणि ते बरोबर नाही.